सूत्रसंचालकाने प्रश्न विचारावा की निकाल द्यावा?

एडिसनकर :
“फिलाडेल्फियातल्या अध्यक्षीय वादचर्चेत ट्रम्प एकट्या कमला हॅरिस यांच्याशी लढले नाहीत, तो एकास तीन असा सामना होता,” असे पंतोजींनी शेजारच्या धाग्यावर लिहून टाकले आणि त्याखाली वाहवा सुरू झाली. हेच वाक्य मला घरी, गाडीत आणि मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेतानासुद्धा ऐकावे लागले असल्यामुळे आता सविस्तर लिहितो.

१० सप्टेंबर २०२४ च्या त्या दीड तासात एबीसीचे सूत्रसंचालक डेव्हिड म्यूर आणि लिन्झी डेव्हिस यांनी काय विचारले, ते एकदा काढून पाहावे. पहिलाच प्रश्न तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष असलेल्या हॅरिस यांना होता आणि सत्तेत असलेल्या माणसाला त्याहून अडचणीचा प्रश्न नसतो : चार वर्षांपूर्वीपेक्षा आज लोकांची स्थिती बरी आहे, असे तुम्हांला वाटते का? फ्रॅकिंग (खडक फोडून तेल-वायू काढणे), बंदुका आणि सीमा या तिन्हींबाबत त्यांनी आधीच्या भूमिका का सोडल्या, हेही डेव्हिस यांनी स्पष्टपणे विचारले. शिवाय बोलण्याचा वेळ ट्रम्प यांनाच सुमारे पाच मिनिटे अधिक मिळाला. ज्याच्यावर तिघे तुटून पडतात, त्याला जास्त वेळ बोलू देण्याची ही रीत मी प्रथमच पाहिली.

पंतोजी :
प्रश्न विचारला, हे खरे आहे. उत्तर मिळाले का? हॅरिस यांनी “मी मध्यमवर्गीय घरात वाढले” येथून सुरुवात केली, घरबांधणी आणि लहान उद्योगांच्या योजना सांगितल्या आणि स्थिती बरी की वाईट, हे शेवटपर्यंत सांगितले नाही. म्यूर यांनी उपप्रश्न न विचारता ट्रम्प यांच्याकडे मोर्चा वळवला. याउलट गर्भपात, ओहायोतले स्प्रिंगफील्ड आणि गुन्हेगारी या विषयांवर ट्रम्प यांना तेथल्या तेथे दुरुस्त करण्यात आले. आपला एकही सैनिक आज जगातल्या कोणत्याही युद्धक्षेत्रात कर्तव्यावर नाही, असे हॅरिस म्हणाल्या, तेव्हा मात्र दोघेही शांत राहिले.

माझ्या बी.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत माझ्या आधीच्या मुलाने व्हर्नियर कॅलिपरचा लीस्ट काउंट (त्याने मोजता येणारे सर्वांत लहान माप) चुकीचा सांगितला आणि बाहेरून आलेले परीक्षक “बरं, पुढे” एवढेच म्हणाले. माझ्या वेळी त्यांनी जर्नल उघडून एका वाचनावर बोट ठेवले आणि दहा मिनिटे मला उभे केले. चूक माझी होती आणि प्रश्नही अभ्यासक्रमातलाच होता, परंतु अन्याय प्रश्नात नव्हता, तो त्या “बरं, पुढे”मध्ये होता.

सुमेधा_डेटन :
पंतोजी, तुमचे जर्नल राहू द्या. मी डेटनला राहते आणि स्प्रिंगफील्ड माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे. हैतीहून आलेले लोक तेथे कुत्री-मांजरी खातात, असे ट्रम्प सहा-सात कोटी लोकांसमोर बोलले आणि त्यानंतर दोनच दिवसांत बॉम्बच्या धमक्यांमुळे तेथल्या शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. माझ्याबरोबर काम करणारी एक हैतीयन बाई त्या आठवड्यात मुलाला घरीच ठेवून आली आणि दुपारभर तिने फोन हातातून खाली ठेवला नाही. त्या बोलण्यावर म्यूर यांनी तेथल्या तेथे शहराच्या व्यवस्थापकांचा खुलासा वाचून दाखवला, तर तो पक्षपात झाला का?

पंतोजी :
ताई, तो खुलासा द्यायलाच हवा होता, हे मी एका दमात मान्य करतो. माझे म्हणणे मापाबद्दल आहे. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटात झालेल्या बायडेन-ट्रम्प वादचर्चेत सीएनएनच्या जेक टॅपर आणि डॅना बॅश यांनी कोणालाच टोकले नाही. आपल्या कारकिर्दीत एकही सैनिक मरण पावला नाही, अशा अर्थाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन बोलून गेले, वास्तविक काबूल विमानतळावर १३ अमेरिकी सैनिक मारले गेले होते. तेथे निदान दोघांनाही एकच माप होते.

एडिसनकर :
दोघांनाही मोकळे सोडणे हा न्याय नव्हे. त्यात ज्याच्या थापा जास्त, त्याचा फायदा जास्त.

जुना_वाचक :
आपण सगळे परवाचे बोलत आहात. प्रश्नच अन्यायाचा कसा असतो, ते १३ ऑक्टोबर १९८८ रोजी लॉस एंजेलिसला दिसले. तेथल्या अध्यक्षीय वादचर्चेत सूत्रसंचालक बर्नार्ड शॉ यांनी पहिल्याच प्रश्नात डेमोक्रॅटिक उमेदवार डुकाकिस यांना विचारले, की तुमच्या पत्नीवर, म्हणजे किटी डुकाकिस यांच्यावर, बलात्कार होऊन त्यांचा खून झाला, तर मारेकऱ्याला फाशी व्हावी असे तुम्हांला वाटेल का? मी तेव्हा नुकताच शिकायला आलो होतो आणि वसतिगृहातल्या सामायिक टीव्हीसमोर तीस जणांची खोली एकदम गप्प झाली होती. समोर बसलेल्या बाईंचे नाव घेऊन असा प्रश्न विचारणे हे पत्रकारितेचे काम नव्हे.

पंतोजी :
प्रश्न उत्तम होता, उत्तर पडेल होते. “नाही, आणि मी आयुष्यभर फाशीला विरोध केला आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे,” असे म्हणून ते थंडपणे आकडेवारीकडे वळले. त्यांच्या वृद्ध डॉक्टर वडिलांना दरोडेखोराने मारहाण केली होती आणि भावाला धडक देऊन एक मोटारवाला पळून गेला होता. एवढे स्वतःचे दुःख जवळ असताना ज्याला ते आठवत नाही, त्याच्याबद्दल मतदाराला काही कळलेच की.

सुमेधा_डेटन :
काय कळले? नवऱ्याने रडून दाखवले, तरच तो राष्ट्राध्यक्ष होण्यास लायक ठरतो, हे? त्या मंचावरच्या इतर तीनही प्रश्नकर्त्या स्त्रिया होत्या आणि प्रश्नातून किटी यांचे नाव वगळावे, असे त्यांनी शॉ यांना आधीच सुचवले होते. शॉ यांनी ऐकले नाही. “प्रश्न उत्तम होता” हे वाक्य आपल्या घरातल्या बाईसमोर एकदा म्हणून पाहावे.

पंतोजी :
माझ्या घरापर्यंत जाण्याचे कारण नाही.

जुना_वाचक :
दुसऱ्याच्या घरापर्यंत गेलेला प्रश्न आपल्याला उत्तम वाटतो, म्हणून त्या गेल्या असाव्यात.

एडिसनकर :
दोघांनाही विनंती, की जरा थांबावे. शॉ यांचा त्या रात्रीचा पुढचा प्रश्न कोणी सांगतच नाही. त्यांनी डुकाकिस यांचे प्रतिस्पर्धी बुश यांना विचारले, की निवडून आल्यावर शपथविधीपूर्वी तुमचा मृत्यू झाला, तर तुमचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डॅन क्वेल राष्ट्राध्यक्ष होतील, त्याबद्दल काय म्हणाल? बुश यांनी मध्येच “बर्नी!” असे म्हटले आणि प्रसंग हलका झाला. म्हणजे मापाचाच निकष लावायचा, तर त्या रात्री मरण दोघांच्याही वाट्याला आले होते, आणि तरीही प्रश्न एकाच्याच अंगाशी आला. पंतोजींचे ते माप येथे कसे लागू होते, ते त्यांनी सांगावे.

पंतोजी :
लागू होत नाही, असे म्हणवून घेण्यासाठीच हा खटाटोप असेल, तर म्हणतो : स्वतःच्या मरणाचा प्रश्न आणि पत्नीवरच्या बलात्काराचा प्रश्न एका तागडीत बसत नाहीत. सुमेधाताईंचे नावाबद्दलचे म्हणणेही खरे आहे. नाव न घेता तोच प्रश्न विचारता आला असता.

परंतु दुरुस्तीबद्दलचे माझे म्हणणे कायम आहे. २०१२ च्या वादचर्चेत सूत्रसंचालक कँडी क्राउली यांनी, लिबियातल्या बेनगाझीच्या हल्ल्याला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी दहशतवादी कृत्य म्हटले होते की नाही, यावरून त्यांचे प्रतिस्पर्धी रॉम्नी यांना “त्यांनी तसे म्हटले होते” असे थांबवले, ओबामांनी “जरा मोठ्याने सांगा” म्हणून त्याचा सोहळा केला आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. तो हल्ला दंगलीतून झाला, ही कथा मागे पडायला दोन आठवडे लागले, हे रॉम्नी यांचे म्हणणे बरोबर आहे, असे क्राउली यांनी लगेच पुढे सांगितले होते. ते कोणाला आठवते? सूत्रसंचालकाची अर्धीच दुरुस्ती लोकांच्या कानांत राहते, हे माझे दुखणे आहे.

एडिसनकर :
क्राउलींचे उदाहरण बिनतोड आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. हॅरिस यांच्या पहिल्या उत्तरावर म्यूर यांनी एक उपप्रश्न विचारायला हवा होता, हेही मान्य. तेव्हा एकास तीन नव्हे, फार तर एकास सव्वा म्हणा.

पंतोजी :
सव्वापर्यंत आलात, हेही नसे थोडके. उरलेल्या पावणेदोनांसाठी रविवारी मंडळात भेटू.