इंडियन मोटरसायकल बंद का पडली?

हार्ले-डेव्हिडसन या प्रतिस्पर्धी अमेरिकन कंपनीच्या गाड्या सरस होत्या म्हणून इंडियन बुडाली, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जॉर्ज हेंडी आणि ऑस्कर हेडस्ट्रॉम यांनी सुरू केलेली ही कंपनी, आणि १९११ च्या सीनियर टीटीत, म्हणजे ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या मोटरसायकल शर्यतीत, पहिले तिन्ही नंबर इंडियनचे होते, तेही ब्रिटिशांच्या घरात जाऊन! गाडीत काय खोट होती सांगा?

घोळ झाला तो पहिल्या महायुद्धात. इंडियनने जवळपास सगळ्या गाड्या सैन्याला देऊन टाकल्या, इकडे डीलरांची दुकानं रिकामी, मग ते बिचारे काय करणार, बरेचसे हार्लेकडे वळले. ती तुटलेली माणसं नंतर स्काउट आणि चीफसारख्या जबरदस्त गाड्या काढूनही पूर्ण परत आली नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांशी टक्कर द्यायला हलक्या गाड्या काढल्या, पण त्या घाईत बाजारात आणल्या, सारख्या बिघडायच्या, आणि त्यातच १९४९ ला पौंडाची किंमत उतरवली गेली त्यामुळे ब्रिटिश गाड्या अमेरिकेत एकदम स्वस्त झाल्या. १९५३ ला स्प्रिंगफील्डचं उत्पादन थांबलं.

आणि आपल्या बुलेटवाल्यांसाठी खास, १९५५ पासून काही वर्षं अमेरिकेत इंडियन नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्या चक्क इंग्लंडमधल्या रॉयल एनफिल्डच्या होत्या, फक्त टाकीवरचं नाव वेगळं. मला तर हे वाचून फार वाईट वाटलं होतं.