निबंधासाठी शब्दांच्या याद्या पाठ करून घ्याव्यात का?

लालशाई
शाळा-कॉलेजच्या मुलांचे निबंध तपासणं हे माझं काम. हल्ली विषय कुठलाही असो, पहिल्या परिच्छेदात 'अनन्यसाधारण', 'अविभाज्य', 'सर्वांगीण' आणि 'काळाची गरज' ही मंडळी हजर असतात. मोबाइलला अनन्यसाधारण महत्त्व, झाडांना अनन्यसाधारण महत्त्व, वक्तशीरपणालाही तेच. कारण कुणीतरी 'निबंधासाठी उपयुक्त शब्द' अशी यादी हातात दिलेली असते. माझं स्पष्ट मत : या याद्या पाठ करून घेणं थांबवावं.

यादीत बहुतेक नामं आणि विशेषणं असतात, आणि निबंध अडतो तो क्रियापदांवर. 'प्रदूषणामुळे नदीचे नुकसान होते, माशांवर परिणाम होतो, लोकांना त्रास होतो.' सगळा भार 'होणे'वर. तोच मुलगा बोलताना नदी आटली, नासली, गाळाने भरली असं सहज म्हणतो. शब्द त्याच्याकडे आहेतच. ते निबंधात शोभत नाहीत, असं त्याला कुणीतरी पटवून दिलंय.

खोडरबर
असहमत. याद्या बंद केल्यावर देणार काय? 'भरपूर वाचा' हा सल्ला. तो देणाऱ्याला काहीच कष्ट पडत नाहीत. ज्याच्या घरात पुस्तकं आहेत त्याला यादी लागतच नाही. ज्याच्या घरात नाहीत त्याला परीक्षेआधी तेवढाच आधार असतो, तोही तुम्ही काढून घेताय.

शिवाय यादी म्हणजे घोकंपट्टीच असं नाही. भाषातज्ज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 साली इंग्रजीतून उच्च शिक्षण घेणाऱ्यांसाठी 570 शब्दकुटुंबांची, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांच्या गटांची, यादी केली. ती आजही शिकवण्यात वापरली जाते.

लालशाई
हे उदाहरण तर माझ्याच बाजूने जातं. ती यादी करताना सुमारे 35 लाख शब्दांचा अभ्यासविषयक मजकूर चाळला होता. रोजच्या वापरातले सुमारे 2000 शब्द आधी बाजूला काढले आणि कला, वाणिज्य, कायदा, विज्ञान या चारही शाखांत वारंवार येणारे शब्द घेतले. म्हणजे निकष वापराचा. आपल्या याद्यांचा निकष काय, तर शब्द भारदस्त वाटला पाहिजे.

शब्दबंबाळ
भारदस्तपणावरून आठवलं. डॅनियल ओपेनहायमर या मानसशास्त्रज्ञाचा 2006 चा शोधनिबंध आहे. त्याच्या एका प्रयोगात प्रवेशअर्जासोबतच्या निबंधांतले साधे शब्द काढून लांबलचक प्रतिशब्द घातले आणि ते वाचायला दिले. मजकूर जितका बोजड, तितकं वाचणाऱ्यांचं मत वाईट. गंमत म्हणजे शोधनिबंधाचं शीर्षक त्याने मुद्दाम तोंडात मावणार नाही असं ठेवलं होतं. या कामाला इग नोबेलही मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार.

खोडरबर
त्या शीर्षकातच 'गरज असो वा नसो' असा भाव आहे, हे विसरू नका. त्याची तक्रार गरज नसताना घुसडलेल्या शब्दांबद्दल आहे. गरज असेल तेव्हा काय? राग, चीड, संताप, त्वेष, फणकारा, धुसफूस. संताप उसळतो, धुसफूस आतल्या आत चालू राहते, फणकारा येतो आणि जातो. ज्याच्याकडे फक्त 'खूप राग आला' एवढंच आहे, त्याला हे फरक लिहिता येणार नाहीत. हे शब्द शेजारी शेजारी मांडून दाखवावेच लागतात. पीटर रॉजे या ब्रिटिश डॉक्टरने 1852 मध्ये इंग्रजी शब्दांचे अर्थाप्रमाणे गट पाडून शब्दकोश छापला, तोही अशी मांडणीच होती.

लालशाई
अशी मांडणी मला चालेल. पण बघा, तुम्ही स्वतःच प्रत्येक शब्दाला त्याचं क्रियापद लावून दाखवलंत. छापील यादीत ते नसतं. तिथे पाणी म्हणजे जल, नीर, उदक एवढंच. मग 'आमच्या नळाला उदक येत नाही' असं वाक्य येतं आणि मी लाल पेन हातात धरून बसतो.

शेवटचा_बाक
मी बारावीत आहे. आमच्याबद्दलच चाललंय म्हणून लिहितो. यादी आम्ही शब्द आवडतात म्हणून वापरत नाही. सुरुवात सुचत नाही म्हणून वापरतो. 'अनन्यसाधारण' लिहिलं की 'महत्त्व आहे' फुकट मिळतं, एक ओळ भरते. बाकी वाचताना सगळे शब्द कळतात, पण लिहायला बसलं की एकही आठवत नाही. त्यावर कुणी बोलतच नाही.

शब्दबंबाळ
खरा प्रश्न हाच आहे. ओळखीचे शब्द आणि हाताशी असलेले शब्द, हे दोन साठे वेगळे. पहिला नेहमीच मोठा असतो.

अमेरिकेचा लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन, त्याची पोरवयात हीच अडचण होती. त्याने केलं काय, तर आवडलेल्या एका नियतकालिकातले लेख घेतले, प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपला, काही दिवस ते बाजूला ठेवले आणि मग नुसत्या टिपणांवरून लेख पुन्हा लिहिला. नंतर मूळ लेखाशी ताडून पाहिलं. शब्द कमी पडतात हे लक्षात आल्यावर काही लेख पद्यात केले, कारण वृत्तात बसवायला त्याच अर्थाचा पण वेगळ्या लांबीचा शब्द शोधावा लागतो. विसरायला आल्यावर पुन्हा गद्य. यात यादी कुठेच नाही.

खोडरबर
फ्रँकलिन छापखान्यात उमेदवारी करत होता आणि त्याला स्वतःलाच लिहायची खाज होती. वर्गातल्या सगळ्यांना ती कुठून आणणार? आणि एवढं तपासणार कोण?

शब्दबंबाळ
तपासायला कुणी लागत नाही, मूळ लेख समोर असतो. पद्याचं सोडून द्या, एक परिच्छेद घेतला तरी पुरे.

शेवटचा_बाक
परिच्छेदाचं करून बघतो. पण परीक्षा जवळ आलीय. लालशाई सर, क्रियापदांचीच एखादी यादी द्या ना.

लालशाई
नाही देणार. तुझाच जुना निबंध काढ. त्यातले 'करणे', 'होणे', 'असणे' सगळे अधोरेखित कर आणि प्रत्येक ठिकाणी नेमकं काय घडतंय ते आधी मोठ्याने बोल. 'समस्या आहे' की भेडसावते? 'मत केलं' की मांडलं? सगळे बदलू नकोस. काही 'आहे' तिथेच बरे असतात.

खोडरबर
म्हणजे शेवटी त्याला 'भेडसावणे' आणि 'मांडणे' तुम्हीच पुरवलेत. आणखी दहा पुरवा, काही बिघडत नाही.

लालशाई
निबंध लिहून आणू दे. त्यात जे अडतील तेच दहा देईन.