मदत हवी आहे: भिंतीवरची अळी लिंबाची पानं खातेय का?

घाईत_३०४
लवकर सांगा कुणीतरी. दोन आठवडे झाले, भिंतीवर राखाडी काहीतरी चिकटलेलं दिसतं, मला वाटलं प्लास्टरचा पोपडा असेल, काल नखाने खरवडायला गेले तर ते चालायला लागलं!! काळपट डोकं बाहेर काढून आपलं घर ओढत नेतंय. आणि लिंबाच्या पानांवर चंदेरी नागमोडी रेघा आल्यात, पानं आक्रसलीत. म्हणजे हीच रात्री पानं पोखरते आणि दिवसा भिंतीवर येऊन बसते ना? भिंतीला कडुनिंबाचं तेल मारलं, ढिम्म फरक नाही. काय मारू? रविवारी सासूबाई येतायत.

सरळसोट
फोटो? भिंत कुठली? लिंबू कुंडीत की जमिनीत? एवढं तरी लिहा हो.

घाईत_३०४
घरातली भिंत, अजून कुठली. लिंबू ग्रिलमधल्या कुंडीत. फोटो अपलोड होत नाहीये.

कापूरवाले_आप्पा
कापूर. भीमसेनी. आमच्या गिरगावच्या खोलीत चाळीस वर्षं दुसरं काही वापरलं नाही.

किडेमकोडे
आप्पा, झाडाला कापूर कुठे बांधणार 😀
ताई, दोन गोष्टी बघून सांगा. पानावरच्या चंदेरी रेघेच्या मधोमध बारीक काळी रेघ आहे का? आणि ते भिंतीवरचं भोपळ्याच्या बीसारखं चपटं आहे का, दोन्हीकडून उघडं?

घाईत_३०४
काळी रेघ आहे. भिंतीवरचं वाटीत टाकलं, या टोकाला काडी लावली तर आत गेली आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून डोकं बाहेर. ईईई.

किडेमकोडे
मग दोन वेगळे पतंग आहेत, तुम्ही उगाच एकाचा गुन्हा दुसऱ्यावर टाकताय. पानातली ती नागअळी. मादी कोवळ्या पानावर अंडं घालते, अळी पानाच्या वरच्या पापुद्र्याखाली शिरून खात जाते, ती काळी रेघ म्हणजे तिची विष्ठा, आणि शेवटी पानाची कड दुमडून तिथेच कोश करते. तिला घरबीर काही नसतं. भिंतीवरची आहे ती वाळू, धूळ, धागे रेशमाने चिकटवून अंगावर वागवायचा कोश शिवते आणि जळमटं, मेलेले किडे, केस, लोकर खाते. हिरव्या पानाशी तिचा संबंध नाही. ओल आवडते. ती भिंत बाथरूमला लागून आहे का?

घाईत_३०४
हो. कपाट आहे त्या भिंतीला. तुम्हाला कसं कळलं

थंडीत_होतो
पण ताईंचा अंदाज अगदीच वेडा नाही बरं का, पान पोखरणं आणि घर वागवणं दोन्ही करणारे पतंग असतात, कोलिओफोरा नावाचे. मी अमेरिकेत असताना मॅसॅच्युसेट्समध्ये लार्चची, म्हणजे सुईसारख्या पानांची झाडं ऐन वसंतात वाळल्यासारखी पिवळट दिसायची, ते याचं काम. मूळचा युरोपचा, मॅसॅच्युसेट्समध्ये १८८६ मध्ये पहिल्यांदा सापडला. अळी आधी सुईसारख्या पानाच्या आत राहून ते पोखरते, मग तीच पोकळ सुई आतून रेशमाने मढवते, कुरतडून सुटी करते आणि अंगावर वागवत फिरते. हिवाळाभर फांदीला चिकटून. बंदोबस्ताला युरोपातून परजीवी गांधीलमाश्या आणल्या होत्या.
यांच्यातल्या रुंद पानांवरच्या अळ्या तर कोश पानाला चिकटवतात, भोक पाडतात आणि अंग पुरेल तेवढंच आत घुसून खातात, शेपूट घरातच. विष्ठा कोशाच्या मागच्या तोंडातून बाहेर. म्हणून पानावरचा पोखरलेला डाग आतून स्वच्छ असतो आणि त्याला गोल भोक असतं.

सरळसोट
मुलुंडच्या ग्रिलमध्ये लार्च नाहीये.

घाईत_३०४
मी मुलुंड कधी म्हटलं?? आणि काय मारू ते कोणीच सांगत नाहीये.

गच्चीतली_माई
सगळी रेघावाली पानं तोडून टाक. मी तेच करते.

किडेमकोडे
माई, नका ना तोडायला लावू. जून पानांत ती शिरत नाही, आणि रेघ आली तरी उरलेलं हिरवं पान झाडाला अन्न करून देतंच. नवी पालवी फुटली की निंबोळी अर्क पानाच्या दोन्ही बाजूंनी. सारखं खत घालू नका, सारखी पालवी म्हणजे तिला सारखं जेवण.

गच्चीतली_माई
माझी लिंबं येऊन बघ आणि मग बोल.

किडेमकोडे
झाड मोठं असेल तुमचं, त्याला फरक पडत नाही. असो. भिंतीला काहीच मारू नका ताई. कपाट ओढा, जळमटं काढा, कोश व्हॅक्यूमने ओढून घ्या, ओल कुठून येते ते बघा. जळमटं राहिली तर परत येणार.

कापूरवाले_आप्पा
आणि कोपऱ्यात कापूर.

घाईत_३०४
कपाट ओढलं. मागे १७ निघाले, त्यातले ६ रिकामे. एकाला माझ्या लाल शालीचे धागे चिकटलेत, लाल पट्टाच आहे त्याला. शाल तपासली तर कोपऱ्यात भोकं. ती शाल सासूबाईंनी दिलेली आहे.

गच्चीतली_माई
रफू करणारा आहे दादरला, पत्ता देऊ?

सरळसोट
माझं लिंबू चार वर्षं झाली, फूल येतं, गळतं. कोणी सांगेल का?