उद्याच्या कासआधी: फोटो धूसर का येतो? सोसायटी ग्रुपवरची शनिवार सकाळची चर्चा

साळुंखे (बी-२०३), ८.०५
उद्या कास पठारावर फुलं बघायला येणाऱ्यांपैकी फोटोतलं कळणाऱ्यांना विचारते. मोबाईलवर फुलाचा फोटो काढला की स्क्रीनवर छान वाटतो, मोठा करून बघितला की धूसर. खालच्या बागेतल्या जास्वंदीचा आत्ता काढलेला टाकतेय. काय चुकतंय?
📷 फोटो

कदम (ए-४०१), ८.१४
वहिनी, मोठा करून बघितला. मधल्या दांडीवर परागाचे पिवळे ठिपके वेगवेगळे दिसायला हवेत, ते लोण्यासारखे वितळलेत. पण मागचं पान बघा, त्याच्या शिरा मोजता येतात. म्हणजे तुमचा हात हलला नाही आणि वाराही नव्हता. फोकस पानावर बसलाय.

धूसर म्हणतो आपण, पण दुखणी तीन आहेत. फोटोत दुसरीकडे कुठेतरी स्पष्ट असेल तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं, ठिपक्यांच्या रेघा झालेलं असेल तर हात हलला. दगड-माती स्वच्छ आणि फूल तेवढं फिसकटलेलं असेल तर वारा. तिन्हीची औषधं वेगळी, म्हणून आधी कोणतं ते ओळखा. उद्या वर सगळ्यात जास्त त्रास वारा देणार.

प्राजक्ता (सी-१०४), ८.२०
काकू, फोकससाठी असं करा. फुलाच्या मधोमध स्क्रीनवर बोट टेकवून दोन सेकंद दाबून धरा, लॉक झाल्याचं चिन्ह येतं. लॉक झाल्यावर पुढे-मागे सरकू नका. अंतर बदललं की तो लॉक वाया गेला, परत करायचा.

आणि फार जवळ जाऊ नका. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा साधारण १० ते १५ सेंमीच्या आत फोकसच करू शकत नाही. तुम्ही फूल मोठं दिसावं म्हणून जवळ गेलात आणि फोनने जे जमलं ते पान धरलं. वीतभर मागे या आणि २एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर काढा.

साळुंखे (बी-२०३), ८.२३
माझ्या फोनला मॅक्रो आहे की गं. तो नको का?

प्राजक्ता (सी-१०४), ८.२९
फोनवर अवलंबून आहे. महागड्या फोनमध्ये जवळ गेलं की तो आपोआप अल्ट्रावाइड कॅमेऱ्यावर जातो, त्याला फोकस करता येतो, चांगला येतो. फक्त इतक्या जवळून फोनचीच सावली फुलावर पडते, ती बघायची. पण स्वस्त फोनमधला वेगळा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा असेल तर तो सोडून द्या. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याचा फोटो कापून मोठा केलेला बरा.

पोर्ट्रेट मोडही नको. मागचं धूसर करताना सॉफ्टवेअर फुलाची कड अंदाजाने कापतं. गेंदाचा देठ दोऱ्याएवढा असतो, तो हमखास खाल्ला जातो आणि पांढरा गोंडा हवेत तरंगतो. 🙏

सागर (बी-३०१), ८.३३
काका, वाऱ्याचं सांगा ना. मी कॅमेरा आणतोय, १८-५५ आणि ५५-२५० एमएमच्या लेन्स आहेत.

कदम (ए-४०१), ८.४६
सांगतो. पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटरवर आणि उघडं. आडोसा म्हणून काही नाही. ढगाळ उजेडात ऑटोवरचा कॅमेरा किंवा फोन १/१०० च्या आसपास शटर धरतो, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग उजेड आत घेतो. माणसांना तेवढं चालतं, डुलणाऱ्या तेरड्याला चालत नाही. किमान १/५०० लागतं.

सागर, कॅमेऱ्यावर शटर प्रायॉरिटी लाव (शटर आपण ठरवायचं, बाकी कॅमेरा बघतो), १/५००, आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ऑटो, कमाल १६००. फोनवाल्यांनी प्रो मोड उघडायचा. फोनच्या लेन्सचं छिद्र बहुधा कायमचं ठरलेलं असतं, त्यामुळे शटरचा वेग वाढवला की उजेडाची भरपाई आयएसओनेच. १/१२५ वरून १/५०० केलं तर उजेड चौपट कमी झाला, म्हणून १०० चा आयएसओ ४०० करायचा. थोडे दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार फोटो पुढे सुधारता येतो, हललेला सुधारत नाही.

दुसरं म्हणजे वाट बघा. वारा सलग नसतो, झुळकांनी येतो. दोन झुळकांच्या मध्ये फूल क्षणभर थांबतं. आधीच फोकस लावून बसायचं आणि फूल थांबलं की पाच-सहा फोटो सलग घ्यायचे. एखादा लागतो.

आणि छत्री. सोबतच्याने वाटेवरच उभं राहून वाऱ्याच्या बाजूला छत्री आडवी धरायची. काळी किंवा पांढरीच आणा. लाल-निळ्या छत्रीचा रंग पांढऱ्या गेंदावर उतरतो आणि नंतर निघता निघत नाही.

जाधव (ए-१०२), ८.४९
बस सकाळी ६ ला गेटवरून सुटेल. यवतेश्वर घाटात थांबणार नाही. बुकिंगचे प्रिंट माझ्याकडे आहेत.

कदम (ए-४०१), ८.५३
वहिनी, ड्रायव्हरला सांगून घाट चढताना एसी बंद ठेवता येईल का? गार झालेली लेन्स वरच्या दमट हवेत काढली की काचेवर वाफ धरते. पुसली की परत धरते. मग १५-२० मिनिटं नुसतं बसून राहायचं. कॅमेरे बॅगेतच, चेन लावून ठेवा.

जाधव (ए-१०२), ८.५४
सांगते भाऊजी.

सागर (बी-३०१), ८.५८
सीतेच्या आसवांची फुलं जवळून काढायचीत. ५० एमएम एफ/१.८ लेन्स मागून आणू का कुणाची?

प्राजक्ता (सी-१०४), ९.१०
त्याने नाही होणार, दादा. त्या लेन्सना साधारण ३५ ते ४५ सेंमीच्या अलीकडे फोकस होत नाही आणि हे फूल जेमतेम सेंटीमीटरभराचं. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये २५ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळी, लावलीस तर होईल. ट्यूबची लांबी भागिले लेन्सची, २५/५० म्हणजे अर्धा पट. सेंटीमीटरचं फूल सेन्सरवर अर्धा सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या कॅमेऱ्यात फोटोच्या रुंदीचा जवळजवळ पाव भाग. पण ट्यूबला विजेचे संपर्क आहेत ना ते बघून घे. नुसत्या पोकळ नळीत बऱ्याच लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यावरून बदलता येत नाही.

छिद्र एफ/८ ते एफ/११ ठेव (आकडा मोठा तेवढं छिद्र बारीक). एफ/१.८ ला एक पाकळी लागेल आणि बाकी सगळं जाईल. एफ/२२ पण नको, छिद्र इतकं बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. या अंतरावर स्पष्ट पट्टा काही मिलिमीटरचाच असतो, म्हणून कॅमेऱ्याची पाठ फुलाच्या तोंडाला समांतर धर. पाऊण फूल तिथेच वाचतं.

व्हाइट बॅलन्सही, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर सोडू नकोस, ढगाळवर कायम कर. निळ्या-जांभळ्या फुलांच्या गालिच्यात ऑटो गोंधळतो. एका फोटोत फूल निळं येतं, पुढच्यात गुलाबी.

सागर (बी-३०१), ९.१२
ट्यूब मिळाली नाही तर?

प्राजक्ता (सी-१०४), ९.१५
तर ५५-२५० नेच काढ. २५० वर, लेन्स देते तितक्या जवळून. हात न हलण्यासाठी शटर १/४०० च्या खाली नको, वाऱ्यासाठी १/५०० लावतोच आहेस. आणि मला विचारशील तर कासला लांब लेन्सच बरी, वाट सोडावी लागत नाही.

कदम (ए-४०१), ९.२४
हे प्राजक्ताने फार महत्त्वाचं सांगितलं. पठार म्हणजे जांभ्याचा कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर, कुठे कुठे बोटभरसुद्धा नाही. माती इतकी कसहीन की सीतेच्या आसवांच्या झाडाला मुळाशी बारीक फुगे असतात, त्यात किडे धरून ते पोट भरतं. त्यावर पाय पडला तर पुढच्या वर्षी तिथे फूल नाही. २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेली जागा आहे. फोटोसाठी एक पाऊलही आत टाकायचं नाही, मुलांनाही सांगा.

ट्रायपॉड आणू नका, त्याचे पाय फुलांतच जातात. कापडी पिशवीत अर्धा किलो तांदूळ घाला, आत प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे भिजणार नाहीत. ती वाटेच्या कडेच्या दगडावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवायची. कॅमेरा पक्का बसतो.

गालिचा दाट दिसायला हवा असेल तर उभं राहून काढू नका. वरून मधलं गवत आणि माती दिसते. फुलांच्या उंचीवर बसा आणि झूम वाढवा, मागच्या ओळी पुढच्यांना येऊन चिकटतात. फोन असेल तर उलटा धरा, कॅमेरा खाली येतो. तेवढ्या १०-१२ सेंमीने फोटो पूर्ण बदलतो.

साळुंखे (बी-२०३), ९.२८
धुकं असलं तर?

कदम (ए-४०१), ९.३३
असू दे, चांगलंच आहे. कॅमेरा समोरचं सगळं मध्यम करड्याच्या हिशोबाने मोजतो, म्हणून पांढरं धुकं मळकट येतं. उजेड एक स्टॉप वाढवा, म्हणजे दुप्पट करा, +१. सोनकीच्या पिवळ्याला बरोबर उलट, −०.७ करा. पिवळ्यात लाल आणि हिरवा दोन्ही भरभरून असतात, लाल आधी भरून वाहतो आणि पाकळीवरच्या रेघा पुसल्या जाऊन पिवळा गोळा उरतो. साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बरा दिसला तरी हे होतं. सागर, तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू ठेव.

जाधव (ए-१०२), ९.३७
कोजागरीला गच्चीवर फोटो लावायचेत, १२ × १८ इंची. फोटो इथेच टाका सगळ्यांनी.

प्राजक्ता (सी-१०४), ९.४१
वहिनी, इथे टाकताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवायला सांगा. साधा पाठवलेला फोटो साधारण १६०० पिक्सेल लांबीचा होऊन येतो. इंचाला २०० धरले तर तो ८ इंचांपर्यंतच छान दिसेल. १८ इंचाला ३६०० लागतात.

कदम (ए-४०१), ९.४४
परत आल्यावर कॅमेरा तांदळात पुरू नका, पीठ आत जातं. हवाबंद डब्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) ठेवा. निळी गुलाबी झाली की ओल भरली, मंद आचेवर परत निळी करा. त्यासाठी घेतलेला तवा पुन्हा स्वयंपाकाला नाही वापरायचा. आठवडाभर ओली बॅग बंद राहिली तर लेन्समध्ये बुरशीचे धागे धरतात आणि त्या काचेवरचा लेप खातात.

साळुंखे (बी-२०३), ९.५२
हे बघा भाऊजी, वीतभर मागून, २एक्सवर, बोट दाबून.
📷 फोटो

कदम (ए-४०१), ९.५५
वा! परागाचा एकेक दाणा सुटा दिसतोय वहिनी, फोकस अगदी जागेवर. आता लाल बघा, पाकळीच्या शिरा बुडाल्यात, सोनकीचं सांगितलं तेच. बोट दाबल्यावर सूर्याचं चिन्ह येतं ते थोडं खाली ओढा आणि बागेत ऊन यायच्या आत परत एक काढा.