मिस्टरी शॉपिंगचं काम खरं की फसवणूक, कसं ओळखायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही चिपळूणचे. माझी नणंद बीकॉम आहे, पण मूल लहान असल्यामुळे पूर्ण वेळ नोकरी जमत नाही, म्हणून मिस्टरी शॉपिंगचं काम बघतेय. म्हणजे साधं गिऱ्हाईक बनून शोरूम, बँक, पेट्रोल पंपावर जायचं, कोण कसं वागलं ते बघायचं आणि घरी येऊन रिपोर्ट भरायचा. दोन ठिकाणाहून विचारणा आलीये आणि मला जे अजिबात पटत नाही नेमकं तेच तिला आवडलंय.

पहिलं व्हॉट्सॲपवरून आलं, मग टेलिग्रामच्या ग्रुपमधे घेतलं. एका हॉटेलला गुगल मॅपवर पाच स्टार द्यायला लावले आणि लगेच १५० रुपये जमा पण झाले. आता म्हणतात प्रीपेड टास्क घ्या, २,००० भरा २,८०० परत. ग्रुपमधे बाकीचे सारखे पैसे मिळाल्याचे स्क्रीनशॉट टाकतायत. नणंद म्हणते, वहिनी पैसे तर आले ना, मग खोटं कसं?

दुसरं वेबसाइटवरून. पैसे मागत नाहीत पण फॉर्म लांबलचक, पॅन आणि बँक खातं हवं, वर छोटी परीक्षा. काम सावर्ड्याजवळ हायवेच्या पंपावर: स्कूटीत पेट्रोल भरायचं, भरणारा आधी मीटरवर शून्य दाखवतो का, न मागता बिल देतो का, हवेचं मशीन चालू आहे का, बाथरूमला कुलूप आहे का, आणि बिलाचा फोटो. पेट्रोलचे पैसे आणि फी मात्र पुढच्या महिन्याच्या शेवटी. तिला हे उशिराचंच संशयास्पद वाटतंय.

पॅन द्यावं का? कंपनी कुठे तपासायची? आणि त्या १५० चं काय करू? कृपया लवकर सांगा, ती आज उद्या पैसे भरेल अशी भीती वाटतेय.

प्रतिसाद १:
ताई, आधी ते २,००० थांबवा. खऱ्या कामात रिपोर्ट तपासून मगच पैसे देतात त्यामुळे उशीर होतोच, आणि कामाआधी डिपॉझिट, रजिस्ट्रेशन काहीही घेत नाहीत. शिवाय जे दिसलं ते लिहा म्हणतात, न गेलेल्या हॉटेलला स्टार द्या असं कोणी म्हणत नाही. पॅन टीडीएससाठी, म्हणजे फीतून कापायच्या करासाठी मागतात, त्यात नवल नाही. पण ओटीपी, युपीआय पिन, कार्डाचा फोटो कधीच नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे तिला पक्कं सांगा. कंपनीचं नाव एमएसपीए या मिस्टरी शॉपिंगवाल्यांच्या संघटनेच्या यादीत बघा, कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर पण शोधा. तरी नुसत्या नावावर जाऊ नका कारण खऱ्या कंपनीचं नाव लावून फसवणारे खूप आहेत, कंपनीच्या साइटवरच्या पत्त्यावर स्वतः मेल टाकून विचारा.

प्रतिसाद २:
अमेरिकेत हेच चेक पाठवून करतात. चेक खात्यात भरा, त्यातून गिफ्ट कार्ड घ्या आणि नंबर कळवा म्हणतात, मग चेक खोटा निघतो आणि बँक ते पैसे आपल्याकडून वळते करते. आपल्याकडे आधी थोडे पैसे देऊन विश्वास बसवतात, मग रकमा वाढतात आणि काढायला गेलं की टॅक्स भरा म्हणतात. ते १५० दुसऱ्या कुणा फसलेल्याचे असू शकतात, अशाने खातं गोठवतात पण. त्यांनी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर परत पाठवू नका, बँकेला लेखी कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. ग्रुप सोडायच्या आधी चॅटचे स्क्रीनशॉट, पैसे आले तो युपीआय आयडी आणि व्यवहाराचा नंबर काढून ठेवा, तक्रारीत हेच विचारतात.