उकुलेलेला पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) कोणता, आणि बिनाअँपचा (आवाज वाढवणारं यंत्र न लावता) रिव्हर्ब (घुमणारा आवाज) खरंच चालतो का?

अमळनेरचा_भो:
साधा कॉन्सर्ट साइज उकुलेले (चार तारांचं छोटं गिटारसारखं वाद्य) आहे. कानबाईच्या (आपली खान्देशची देवी) जागरणाला गल्लीतले पोरं म्हणतात तू वाजव, पण माईक समोर ठेवला की शिट्टी मारतो. मित्राकडे गिटारचा मॅग्नेटिक पिकअप पडलाय, तो चालेल का? आणि ते आतूनच रिव्हर्ब देणारे उकुलेले येतात ते काय प्रकरण आहे भो?

धुळे_तारवाला:
मॅग्नेटिक विसर. त्याला लोखंडी तार लागते, तुझी नायलॉनची, काहीच उचलणार नाही. पिझो (थरथर पकडणारा पिकअप) घे, सॅडलखाली (तारा टेकतात ती पट्टी) बसणारा नाहीतर टॉपला (पुढच्या फळीला) आतून चिकटवायचा, पण चिकटवलेल्यात बॉडीला बोट लागलं तरी ठक्क येतं. आणि तो डायरेक्ट मिक्सरच्या लाइन इनपुटला खोचू नको रे, पिझोला इनपुटचा रोध (इम्पीडन्स) साधारण 1 मेगाओहम तरी पाहिजे नाहीतर बास गायब अन् आवाज पत्र्यासारखा, मध्ये प्रीअँप (सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा) टाकच.

भुसावळ_जंक्शन:
बिनाअँपवाल्यात पिकअपचा सिग्नल आतल्या सर्किटला जातो, तिथे रिव्हर्ब मिसळतो, मग आत बसवलेला एक्सायटर बॉडीच थरथरवतो, म्हणजे बॉडीच स्पीकर. यामाहाच्या ट्रान्सअकॉस्टिक गिटारी अशाच. ओट्यावर बसून वाजवायला लय भारी, पण ढोलासमोर काय ऐकू येणार कप्पाळ! तिथे पिझोच.

अमळनेरचा_भो:
बरं. साऊंडवाल्याकडे डीआय आहे का विचारतो. सॅडलखाली बारीक भोक पाडून देणारा कोणी कारागीर जळगावकडे?