‘विथ रिगार्ड टू’ला शेपूट लावू नका

‘विथ रिगार्ड्स टू’ हे ‘विथ रिगार्ड टू’चं जास्त आदरार्थी रूप आहे, असं एकांनी लिहिलेलं वाचलं. आदराचा इथे काडीमात्र संबंध नाही. ‘च्या संदर्भात’ म्हणायचं असेल तर ‘रिगार्ड’ एकवचनीच. ‘इन रिगार्ड टू’लाही तेच लागू. अनेकवचनी ‘रिगार्ड्स’ म्हणजे शुभेच्छा, त्यांची जागा पत्राच्या शेवटी, सहीच्या वर.

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत लिफ्टशेजारी नोटीस लागली होती: ‘विथ रिगार्ड्स टू वॉटर टँकर चार्जेस…’ म्हणजे टँकरच्या बिलाला सप्रेम नमस्कार! (तो ‘स’ मी पेनने खोडला. सेक्रेटरीकाकांना अजून पत्ता नाही.)

गोंधळ बहुधा ‘ॲज रिगार्ड्स’मुळे होतो. तिथला ‘स’ बरोबर आहे, कारण तिथे ‘रिगार्ड’ क्रियापद आहे आणि हा ‘स’ अनेकवचनाचा नसून तृतीयपुरुषी एकवचनाचा आहे. मात्र त्याच्यापुढे ‘टू’ येत नाही: ‘ॲज रिगार्ड्स पार्किंग’, बस्स. ‘रिगार्डिंग टू’ही त्याच कारणाने चूक.

बोलताना ‘विथ रिगार्ड्स टू’ सर्रास कानावर पडतं, कुणी अडवत नाही. अर्जात, ऑफिसच्या मेलमध्ये टाळावं. खरं तर तिथेही बहुतेक वेळा नुसतं ‘अबाउट’ पुरतं, पण ते लिहिलं की आपल्याला उगाच हलकं वाटतं.

आणि ‘विथ रेफरन्स टू’ तेव्हाच शोभतं जेव्हा मागचं पत्र, जाहिरात असं काहीतरी दाखवायला हातात असतं.